अंबाजोगाईचीं चार वर्षें

परळीचें रेल्वे-स्टेशन मागें टाकून अंबाजोगाईच्या वाटेला लागलें म्हणजे काळी जमीन हळूहळू चढूं लागते, मुरुमाच्या उघड्या टेकड्या दिसूं लागतात, आणि बालाघाटाच्या पठारावर वसलेलें तें जुनें गांव तासाभराच्या आंत दृष्टीस पडतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना हें गांव नांवानें तरी परिचित असेलच. कोंकणांतल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी आपल्या माणसांपासून इतक्या दूर, जयंती नदीच्या कांठीं येऊन राहिली आहे. घरांत लग्नकार्य झालें, कीं नव्या सुनेला घेऊन मंडळी येतात, देवीची ओटी भरतात, नैवेद्य करतात आणि परळीच्या वैजनाथाचें दर्शन घेऊन आपापल्या गांवीं परततात. देवळापलीकडचें गांव पाहण्यास त्यांस सवड नसते, आणि त्यांत त्यांचा दोषही नाहीं.

मी मात्र या गांवीं यात्रेकरू म्हणून आलों नव्हतों. १९७१ ते १९७५ हीं माझ्या हायस्कूलचीं चार वर्षें येथें गेलीं. मागील मार्गशीर्षांत, देवीच्या नवरात्रांत, मी माझ्या नातीला घेऊन पुनः तेथें गेलों. ती सध्यां नववींत आहे. दर्शन आटोपून आम्ही देवळाबाहेर आलों तेव्हां तिनें विचारलें, "आजोबा, तुमची शाळा कुठें होती? आणि त्या शाळेंत तुम्ही काय शिकलांत?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर मला बोट दाखवून देतां आलें. दुसऱ्याचें उत्तर देण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

आमचें गांव मोठें विचित्र आहे. त्याच्या सीमेवरच डोंगर पोखरून केलेलें एक लेणें आहे. लोक त्याला हत्तीखाना म्हणतात, कोणी जोगाईचा मांडवही म्हणतात. तेथें अंगणांत दगडाचे मोठाले हत्ती उभे आहेत. कथा अशी सांगतात, कीं योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशीं ठरला होता. वऱ्हाड कोंकणांतून निघालें, परंतु येथवर येईतों मुहूर्त टळला. देवी येथेंच राहिली आणि वऱ्हाड पाषाण होऊन गेलें. लहानपणीं आम्ही त्या हत्तींच्या पाठीवर बसून ही कथा एकमेकांस सांगत असूं. वेळ चुकली म्हणजे माणसाचें काय होतें, याची ती गोष्ट आहे, हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

गांवाबाहेर डोंगराच्या दरींत मुकुंदराजांची समाधि आहे. 'विवेकसिंधू' हा शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा ग्रंथ. तो ज्या अंबानगरींत झाला ती आमचीच कीं विदर्भांतलें आंभोरें, याविषयीं पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आमच्या मुलांच्या मनांत मात्र तसा वाद कधींच नव्हता. गांवांत दासोपंतांचीही समाधि आहे. त्यांनीं गीतेवर 'गीतार्णव' रचला, आणि लांबलचक कापडावर पंचीकरण लिहिलें. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. मराठी भाषेनें जेथें इतक्या लवकर आणि इतक्या विपुलतेनें संसार मांडला, त्याच गांवीं पुढें एक काळ असा आला, कीं मुलानें गणित आणि इतिहास मराठींत शिकावा यासाठीं झगडावें लागलें.

हें मला आजोबांमुळें कळलें. त्यांच्या लहानपणीं आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि गांवाचें सरकारी नांव मोमिनाबाद होतें. सरकारी दुय्यम शाळांत शिक्षणाचें माध्यम उर्दू. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेथेंही तेंच. आजोबा घरीं अभंग म्हणत, हिशोब मोडींत लिहीत आणि शाळेंत बेरीज-वजाबाकीला जमा-तफरीक, गुणाकार-भागाकाराला जर्ब-तकसीम म्हणत. अगदीं शेवटच्या आजारांतही औषधाच्या गोळ्या मोजतांना त्यांच्या तोंडांतून 'तफरीक' हाच शब्द निघे. उर्दूविषयीं त्यांच्या मनांत यत्किंचितही अढी नव्हती. गालिबाचे शेर ते प्रेमानें म्हणत. ते एवढेंच म्हणत, "भाषा गोड होती रे, पण आईची नव्हती. वर्गांतला मुलगा आधीं शब्दाशीं झुंजे आणि मग गणिताशीं. पुष्कळ जण पहिल्याच झुंजींत घरीं बसले."

या स्थितींतून वाट काढण्यासाठीं लोकांनीं स्वतःच्या शाळा काढल्या. धाराशिवकडील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तेथें मुख्याध्यापक असलेले व्यंकटेश खेडगीकर पुढें संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले; १९३५ साली ते अंबाजोगाईस आले आणि येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९३८ साली शाळा सोडून ते राजकीय लढ्यांत उतरले. सत्याग्रह, तुरुंगवास, बंदी, आणि शेवटीं १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन, ही सर्व कथा आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. आमच्या गांवाला मात्र ते आधीं मास्तर म्हणून आठवतात.

मी आठवींत असतांना, २२ जानेवारी १९७२ रोजीं स्वामीजी हैदराबादेस निवर्तले. शाळेंत शोकसभा झाली. आमचे एक वृद्ध शिक्षक बोलावयास उठले. ते एरवीं फार बोलके. पण त्या दिवशीं त्यांना बोलणें जमेना. थोड्या वेळानें ते म्हणाले, "मुलांनो, तुम्ही ज्या बाकावर बसलां आहांत तो तुमच्या आधीं कोणी तरी मोल देऊन मिळविला आहे. तो तुमच्यापाशीं ठेव म्हणून आहे. ज्याला तो मिळाला नाहीं त्याची आठवण ठेवा." इतकें बोलून ते खालीं बसले. मला तें भाषण फार लहान वाटलें. निबंधाला उपयोगी पडेल असें त्यांत कांहींच नव्हतें.

माझ्या बाकावर तेव्हां दुसरा एक मुलगा बसत असे. त्याचें नांव मी येथें लिहीत नाहीं. तो धारूरकडच्या एका खेड्यांतला. गांवांत मावशीकडे राहून शिके. त्याचे आईबाप दसरा झाला, कीं बैलगाडी जुंपून ऊसतोडीला खालच्या मुलखांत, साखर-कारखान्यांकडे जात आणि उन्हाळ्यांत परत येत. मधले पांच-सहा महिने त्याला त्यांचें दर्शन नसे. संस्कृत आणि मराठी या विषयांत माझा पहिला नंबर ठरलेला, आणि गणितांत त्याचा. वर्गाची सहल दासोपंतांच्या समाधीवर गेली तेव्हां गुरुजींनीं सांगितलें, कीं गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या आहेत. आम्ही सर्वांनीं "अबब!" म्हटलें. तो मात्र बोटें मोडीत क्षणभर थांबला आणि म्हणाला, "रोज तीस ओव्या लिहिल्या तरी अकरा वर्सं पुरायचे न्हाईत, गुरुजी." गुरुजींनीं त्याची पाठ थोपटली. मला तें आवडलें नाहीं. ज्ञान म्हणजे आपल्याच घरची वस्तु, दुसऱ्यानें ती हातीं घेतली तर जरा विचारून घ्यावी, अशी कांहींशी समजूत तेव्हां माझ्या मनांत घर करून होती. ती मला कोणीं शिकविली नव्हती. पण ती चुकीची आहे असेंही कोणीं सांगितलें नव्हतें.

मग १९७२ चा पावसाळा आला, किंबहुना आलाच नाहीं. महाराष्ट्राच्या आठवणींत त्या सालाला नुसतें 'बहात्तर' म्हणतात. श्रावणांत विहिरींचे तळ दिसले. रेशनवर मिलो नांवाची तांबडी, परदेशी ज्वारी आली. सरकारनें जागोजाग दुष्काळी कामें काढलीं. रस्ते, पाझर-तलाव, नाल्यांचे बांध, आणि सर्वांत अधिक म्हणजे खडी फोडणें. कामावरच्या लोकांना सुकडी वाटीत. याच वर्षांच्या अनुभवांतून पुढें १९७७ चा रोजगार-हमीचा कायदा झाला, हें वाचकांस ठाऊक असेल. त्या वर्षीं आम्ही नववींत होतों.

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या बाकावरची अर्धी जागा रिकामी राहूं लागली. एके दिवशीं संध्याकाळीं तो आमच्या वाड्याच्या दारीं आला. तळहातांवर फोड आले होते; ते त्यानें चिंध्यांनीं बांधले होते. ओसरीवर न चढतां त्यानें खालूनच मला हांक मारली.

"तुजी संस्कृतची आन् इतिहासाची वही दे की दोन दिस. रातच्याला लिव्हून काढतो. दिसा खडीवर जावं लागतंय."

माझ्या दोन्ही वह्या आंत कोनाड्यांत होत्या. पुढच्या आठवड्यांत कसलीही परीक्षा नव्हती. तरी मी म्हणालों, "मला अभ्यासाला लागतात रे."

त्यानें मान हालविली, "बरं," म्हणाला आणि निघून गेला. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. आजोबा ओसरीवर माळ ओढीत बसले होते. त्यांनीं सर्व ऐकलें. ते मला एक शब्दही बोलले नाहींत. त्या रात्रीं जेवतांना आईनें मला विचारलें, "काय रे, आज ताटांत टाकलेंस?" तेव्हां ते हळूच म्हणाले, "असूं द्या. आज त्याची तफरीक चुकली आहे." सहामाहींत माझा सर्व विषयांत पहिला नंबर आला.

एप्रिल महिन्यांत एक दिवस आजोबा म्हणाले, "चल, मुकुंदराजांच्या दर्शनाला जाऊं." पहाटे निघालों, चालतच. दर्शन घेऊन परततांना ते मला नेहमींच्या वाटेनें न नेतां सडकेनें घेऊन गेले. सडकेच्या कडेला दुष्काळी काम चाललें होतें. उन्हांत बाया, म्हातारे, पोरें ओळीनें बसून खडी फोडीत होतीं. लुगड्यांचीं झोळणीं बाभळींना टांगलेलीं, आंत तान्हीं मुलें. आम्ही गेलों तेव्हां मोजणी चालू होती. खडीचा ढीग मोजायचा आणि ब्रासाच्या हिशोबानें मजुरी मांडायची. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास.

माझा बाकसोबती तेथें आईशेजारीं उभा होता. मोजणारा कारकून थकलेला, घामानें डबडबलेला. त्यानें ढिगाची वरची रुंदी घेतली चार फूट, लांबी दहा, उंची दोन, आणि ऐंशी घनफूट मांडलें. मुलगा पुढें आला. आवाज न चढवितां म्हणाला, "सायेब, ढीग खाली रुंद हाय. तळाला सा फूट भरतंय. वरचे चार आन् खालचे सा, सरासरी पाच धरा. दाही पन्नास, दुनी शंभर. ऐंशी न्हाई, पुरा एक ब्रास हाय."

कारकुनानें त्याच्याकडे पाहिलें, पुनः फीत लावली, आणि आंकडा खोडून शंभर लिहिले. ओळींतल्या आणखी चार बायांनीं आपापले ढीग फिरून मोजून घेतले. ऐंशी आणि शंभर, म्हणजे दर ढिगामागें पांचवा हिस्सा. पांच दिवसांच्या श्रमांतला एक दिवस. तो समलंब चौकोन आम्हांला वर्गांत शिकविला होता. मी त्यांत पैकीच्या पैकी गुण घेतले होते. परंतु तो कोणाच्या पोटाच्या कामीं येतो, हें मला त्या सडकेवर समजलें.

त्याच दिवशीं संध्याकाळीं मी सगळ्या वह्या घेऊन त्याच्या मावशीच्या घरीं गेलों. त्यानें त्या घेतल्या, हंसला, "आता कशाला आनल्यास रं, परीक्षा तर आली," म्हणाला. तरी रात्रभर चिमणी लावून त्यानें जेवढें उतरून काढतां आलें तेवढें काढलें. तो नववी पास झाला, पण कसाबसा. दहावींत त्या साली पाऊस बरा झाला. सर्वांना वाटलें, आतां संकट टळलें. परंतु दुष्काळांत मेलेल्या बैलांच्या जागीं नवी जोडी घेण्यासाठीं त्याच्या बापानें मुकादमाकडून उचल घेतली होती. ती उसांत फेडावयाची, आणि तिसरे हात हवे होते. १९७३ च्या दसऱ्याला सोनें वाटून झालें, आणि दुसऱ्या दिवशीं तो गाडींत बसून आईबापांबरोबर गेला. शाळेंत पुनः आला नाहीं. १९७५ साली मी जुन्या अकरावीची परीक्षा दिली, चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालों, घरीं पेढे वाटले. त्या पेढ्यांची चव मला आठवत नाहीं.

वाचक म्हणतील, एक वही दिली असती तर तो थोडाच शाळेंत राहिला असता? खरें आहे; राहिला नसता. उचल, दुष्काळ, बैल यांपुढें माझ्या वहीची किंमत ती काय! परंतु माणसाच्या हातीं जेवढें असतें तेवढ्याचाच त्याला जाब द्यावा लागतो. पाऊस माझ्या हातीं नव्हता; वही होती.

पुढें पुष्कळ वर्षांनीं, नोकरीच्या निमित्तानें मी एका साखर-कारखान्यावर गेलों होतों. पहांटेची वेळ, कडाक्याची थंडी. उसाच्या गाड्यांची रांग वजन-कांट्यापाशीं लागलेली. एक पिकल्या मिशांचा मनुष्य कंदिलाच्या उजेडांत एकेकाची वजनाची चिठ्ठी वाचून दाखवीत होता. ज्यांना वाचतां येत नसे ते आधीं त्याच्याकडे येत, मग मुकादमाकडे जात. मी त्याला आवाजावरून ओळखलें. त्यानें मला त्याच्या पाचटाच्या कोपींत नेलें, बिनदुधाचा चहा पाजला. मी त्याला म्हणालों, "त्या वेळीं मी तुला वही दिली नाहीं, तें मनाला फार लागून राहिलें आहे." तो विचारांत पडला. "कंची वही?" म्हणाला. त्याला ती गोष्ट आठवतच नव्हती. त्याला आठवत होता तो खडीचा ढीग, आणि मी त्याच्या मावशीकडे सगळ्या वह्या घेऊन गेलों तो दिवस. "येवढ्या वह्या घेऊन तू आमच्या घरला आलतास," तो आपल्या मुलीला सांगूं लागला, "म्हनून तर मी नववी पास हाय." ती मुलगी कोपींतल्या एका कोपऱ्यांत पाटी घेऊन बसली होती.

मी कांहीं बोलूं शकलों नाहीं. क्षमा मागावयास गेलों होतों. उपकाराचें ऋण माझ्या नांवावर जमा झालेलें पाहून परत आलों. तें मजपाशीं अजून तसेंच आहे.

आज बीड जिल्ह्यांतल्या परिस्थितींत पुष्कळ फरक पडला आहे. अंबाजोगाईस स्वामीजींच्या नांवानें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. गांवांत मुलींच्या सायकलींची रांग शाळेच्या वेळीं पाहिली म्हणजे डोळे निवतात. तरीही दसऱ्यानंतर बालाघाटाच्या खेड्यांतून माणसें पूर्वीसारखींच उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजदाद होते. माणसें मोजण्याऐवजीं हत्यारें मोजण्याची ही रीत कांहीं माझ्या मनांतून जात नाहीं. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजना झाली, ती स्तुत्यच आहे. २००९ साली सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा झाला. परंतु तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा. ज्या वयांत हायस्कूल खरें सुरू होतें, नेमकें त्याच वयांत कायदा मुलाचा हात सोडतो, आणि त्याच वयांत मुलाच्या हाताला कोयता पेलूं लागतो. माझा सोबती शाळेंतून गेला तोही याच उंबरठ्यावरून.

हीं वर्षें म्हणजे मिसरूड फुटण्याचीं, उंची वाढण्याचीं, घरांत वडिलांशीं वाद घालण्याचीं असें आपण समजतों. तें खरेंही आहे. माझीही उंची त्या चार वर्षांत बरीच वाढली; परंतु मी मोठा झालों तो एकाच दिवशीं, सडकेच्या कडेला, एका खडीच्या ढिगापाशीं. आणि मला तेथें नेणारे आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, कीं आपण केवळ मुकुंदराजांच्या दर्शनाला गेलों होतों.

नातीला मी हें सर्व हत्तीखान्यांत बसून सांगितलें. ऊन उतरलें होतें. दगडी हत्तींच्या सांवल्या लांबत चालल्या होत्या. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, आमच्या वर्गांत एक मुलगी आहे. दिवाळीपासून आली नाहीं. तिचें घर मला माहीत आहे."

मी म्हणालों, "मग उठ. मुहूर्त टळायच्या आंत जाऊं."